नाणे तेच, डबी दुसरी
ग्रेडिंग केलेले नाणे दुसऱ्या कंपनीकडे पाठविण्यापूर्वी करावयाचा हिशेब

जुन्या वस्तूंच्या आणि सराफीच्या धंद्यातील आपल्या बांधवांच्या हाती आता प्लॅस्टिकच्या चपट्या, पारदर्शक डब्यांत बंद केलेली नाणीही येतात. कोणी ती परदेशातील नातेवाइकाकडून मागवितो, कोणी लिलावात घेतो, तर कोणाकडे ती गिऱ्हाइकाच्या जुन्या चांदीबरोबर येतात. डबीवर कंपनीचे नाव, नाण्याचे साल, एक अनुक्रमांक आणि दर्जाचा आकडा छापलेला असतो. या डबीला धंद्यात ‘स्लॅब’ म्हणतात.

थोडा अनुभव आला की एक गोष्ट लक्षात येते. तेच साल, तीच टांकसाळ आणि तोच आकडा असूनही एका कंपनीच्या डबीतील नाणे जास्त भावाने जाते व दुसरीच्या डबीतील कमी भावाने. मग साहजिकच विचार येतो की आपले नाणे त्या दुसऱ्या कंपनीकडे पाठवून तिची डबी का करून घेऊ नये? आकडाही एखादा वाढला तर दुहेरी फायदा. अमेरिकेत या विचारावर पोट भरणारे व्यापारी आहेत, आणि याच विचाराने भांडवल गमावणारेही आहेत. दोघांमध्ये फरक कोठे पडतो आणि भारतातील व्यापाऱ्याने आणखी कोणती काळजी घेतली पाहिजे, ते या लेखात पाहू.

आकडा आला कोठून?

१९४९ साली डॉ. विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी सुचविली. जेमतेम ओळखू येणारे नाणे १ रुपयाचे धरले, तर तेच नाणे अगदी निर्दोष असल्यास त्याला ७० रुपये मिळावेत, असा त्यामागे सरळ बाजाराचा हिशेब होता. पुढे किमती बदलल्या आणि तो हिशेब जुळेनासा झाला, पण मोजपट्टी राहिली व सर्व नाण्यांना लागू झाली.

आज या मोजपट्टीत ६० ते ७० हे आकडे वापरात न आलेल्या, म्हणजे झीज नसलेल्या नाण्यांना देतात. त्यांच्या आधी ‘एमएस’ ही अक्षरे असतात. ५० ते ५८ हे आकडे किंचित झीज झालेल्या नाण्यांचे. त्यांना ‘एयू’ म्हणतात. त्याखाली झीज वाढत जाते तसा आकडा उतरतो. २०१० पासून मोठ्या कंपन्या काही आकड्यांपुढे अधिकचे चिन्हही देऊ लागल्या. त्या दर्जातील वरच्या प्रतीचे नाणे, असा त्याचा अर्थ.

अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनने १९७२ मध्ये नाण्यांचा खरेखोटेपणा तपासण्याची सेवा सुरू केली आणि १९७९ पासून ती दर्जाही सांगू लागली. त्या वेळी नाण्याबरोबर छायाचित्र असलेले प्रमाणपत्र मिळत असे, नाणे मात्र मोकळेच राही. १९८६ मध्ये पीसीजीएस या कंपनीने कामास सुरुवात केली. तिने नाणे तपासून लगेच बंद डबीत घालण्याची पद्धत रूढ केली. १९८७ मध्ये एनजीसी आली. आजही मोठा व्यवहार याच दोन कंपन्यांच्या डब्यांवर चालतो. एएनएसीएस आणि आयसीजी याही कंपन्या आहेत. २०२३ पासून सीएसी ही संस्थाही स्वतःच्या डब्या देऊ लागली आहे.

डबी म्हणजे जाणकारांचे मत

पहिला धडा असा की डबीवरचा आकडा हे काही जाणकारांनी एका दिवशी, एका दिव्याखाली दिलेले मत आहे. चांदीचा कस काढावा तसे ते यंत्राचे माप नव्हे. परीक्षक झळाळी पाहतात, ओरखडे व टोचे पाहतात, ठसा किती खोल उठला आहे ते पाहतात आणि शेवटी नाणे एकंदर डोळ्यांना कसे दिसते याचा विचार करतात. यातील बऱ्याच गोष्टी नजरेच्या आहेत. म्हणून तेच नाणे तीच कंपनी पुन्हा तपासते तेव्हाही एखाद्या आकड्याचा फरक पडू शकतो.

हा वाद जुना आहे. १९९० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसच्या जाहिरातींना हरकत घेतली होती. आपले ग्रेडिंग वस्तुनिष्ठ व एकसारखे असते, हा कंपनीचा दावा अतिशयोक्त आहे, असा आयोगाचा आक्षेप होता. कंपनीने दोष कबूल न करता प्रकरण तडजोडीने मिटविले. यावरून ग्रेडिंग निरुपयोगी आहे असे समजू नये. नाणे खरे असल्याची हमी आणि दर्जाचा बऱ्यापैकी भरवसा मिळाल्यामुळे दूरचा माणूसही न पाहता सौदा करू शकतो. पण मताला मत म्हणूनच किंमत द्यावी.

मत बदलू शकते, यातच फेरग्रेडिंगच्या धंद्याचा नफाही आहे आणि धोकाही. मत वर जाते तसे खालीही येते.

चार वेगळे मार्ग

पुष्कळजण सर्व प्रकारांना एकच समजतात आणि चुकीचा अर्ज भरतात. मार्ग चार आहेत.

१) रिहोल्डर : नाणे त्याच कंपनीकडे जाते. डबी चरे पडून खराब झाली असेल तर नवी मिळते. दर्जा तपासला जात नाही.

२) रीग्रेड : नाणे त्याच कंपनीकडे नव्याने तपासणीस जाते. आकडा वाढेल अशी मालकाची आशा असते.

३) क्रॉसओव्हर : एका कंपनीच्या डबीतील नाणे डबीसकट दुसऱ्या कंपनीकडे जाते. मालक अर्जावर किमान दर्जा लिहितो. परीक्षक नाणे जुन्या डबीतूनच पाहतात. तो किमान दर्जा देण्यास ते तयार असतील तरच जुनी डबी उघडून नाणे नव्या डबीत घालतात. नाहीतर नाणे जुन्याच डबीत, जसे होते तसे परत येते.

४) डबी फोडणे : मालक स्वतः डबी फोडतो आणि नाणे मोकळे करून नव्याने पाठवितो. परीक्षकाला पूर्वीचा आकडा दिसत नाही.

तिसऱ्या व चौथ्या मार्गातील फरक नीट समजून घ्यावा. क्रॉसओव्हरमध्ये नाणे नाकारले गेले तरी तपासणीचा आकार भरावाच लागतो. पण नुकसान तेवढेच राहते. जुनी डबी व तिची हमी शाबूत राहते. डबी फोडली की जुन्या कंपनीची हमी त्याच क्षणी संपते. पुढे आकडा उतरला, किंवा नाणे पूर्वी घासून साफ केलेले आहे असा शेरा पडला, तर मागे जाण्याचा रस्ता नाही.

मग लोक डबी फोडतात तरी का? कारण डबीतून पाहताना परीक्षकाला नाण्याची कड पूर्ण दिसत नाही, प्लॅस्टिकवरचा चरा नाण्यावरचा वाटू शकतो आणि शंका आली की परीक्षक हात आखडता घेतो. मोकळे नाणे स्वच्छ दिसते. हा युक्तिवाद खरा आहे. पण तो ज्याची स्वतःची नजर परीक्षकाइतकी तयार आहे त्याच्यासाठी.

दोन डॉलर, दोन हिशेब

अमेरिकेचा मॉर्गन डॉलर हे चांदीचे नाणे १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडले गेले. वजन २६.७३ ग्रॅम, चांदी ९० टक्के. त्यातील दोन नाणी घेऊ. दोन्ही सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची. मागील बाजूस गरुडाखालच्या पर्णमालेखाली ‘एस’ हे अक्षर असते, ती या टांकसाळीची खूण.

पहिले १८८१ सालचे. ही नाणी सव्वा कोटीहून अधिक पाडली गेली. ठसा उत्तम उठलेली, झळाळी टिकलेली नाणी आजही भरपूर मिळतात. ६३ आणि ६४ या आकड्यांतील किमतीचा फरक इतका थोडा आहे की तपासणीचा आकार, टपाल आणि विमा यांतच तो संपून जातो. असे नाणे कंपनी बदलण्यासाठी पाठविणे म्हणजे रुपयाच्या वसुलीसाठी दोन रुपये गाडीभाडे घालणे.

दुसरे १८८४ सालचे. ही नाणी ३२ लाख पाडली गेली. पण बहुतेक वापरात गेली व झिजली. झिजलेले नाणे आजही आटोक्यातील भावात मिळते, मात्र झीज नसलेले अतिशय दुर्मिळ आहे. त्यामुळे एयू ५८ आणि एमएस ६० यांच्यामध्ये किमतीची मोठी उडी आहे. केवळ दोन आकड्यांवर नाण्याचे भाव कितीतरी पटींनी बदलतात. अशा नाण्यासाठी दुसरे मत घेण्यास अर्थ आहे. पण नेमक्या याच कारणाने अशा सीमेवरच्या नाण्याकडे दोन्ही कंपन्यांचे परीक्षक फार बारकाईने पाहतात, हेही विसरू नये.

येथे चांदीच्या कारागिराची नजर उपयोगी पडते. मॉर्गन डॉलरवर स्वातंत्र्यदेवतेच्या कानावरचे केस आणि मागे गरुडाची छाती हे उंच भाग आहेत. ते सपाट दिसले तर कारण दोनपैकी एक असते : झीज, किंवा मुळातच कच्चा उठलेला ठसा. नाणे दिव्याखाली धरून सावकाश फिरवावे. झळाळीचा पट्टा त्या सपाट भागावरूनही अखंड सरकत गेला, तर ठसा कच्चा असण्याचा संभव अधिक. त्या जागी येताच पट्टा तुटला आणि राखाडी, मळकट डाग दिसला, तर ती झीज आहे. झीज असेल तर कोणत्याही कंपनीची डबी ती पुसू शकत नाही.

नफ्यातोट्याचा कागद

आता एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, आपल्याकडे एकाच प्रकारची ५ नाणी आहेत. आजच्या डबीत प्रत्येकाची किंमत ४०० डॉलर. एक दर्जा वाढला तर किंमत १,००० डॉलर. दुसऱ्या कंपनीची तपासणी, दोन्ही बाजूंचे टपाल, विमा व मध्यस्थाचा आकार मिळून प्रत्येक नाण्याला ८० डॉलर खर्च. म्हणजे पाच नाण्यांना ४०० डॉलर.

क्रॉसओव्हरने पाठविलेल्या पाचांपैकी एक नाणे वर गेले आणि चार जुन्याच डबीत परत आली, तर मिळकत ६०० डॉलर, खर्च ४०० डॉलर. नफा २०० डॉलर. एकही वर गेले नाही, तर ४०० डॉलर तोटा. म्हणजे पाचात एक यशस्वी होईल याची आपल्याला रास्त खात्री असेल तरच हा सौदा उभा राहतो.

आता तीच पाच नाणी डबी फोडून पाठविली असे धरा. एक वर गेले, तीन पूर्वीच्याच आकड्यावर राहिली आणि एकावर ‘साफ केलेले’ असा शेरा पडून त्याची किंमत १५० डॉलरवर आली. त्या एकाने २५० डॉलर खाल्ले. २०० डॉलरचा नफा ५० डॉलरच्या तोट्यात गेला. एका वाईट निकालाने एका चांगल्या निकालाची कमाई धुऊन नेली.

यात वेळेची किंमत धरलेली नाही. नाणी जाऊन परत येईपर्यंत महिने लागू शकतात आणि तेवढा काळ भांडवल अडकते. शिवाय क्रॉसओव्हर यशस्वी झाल्यावर काही सेवांत नाण्याच्या किमतीवर टक्केवारीने जादा आकार पडतो. कोणती कंपनी कोणाच्या डब्या स्वीकारते हेही बदलत असते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या दिवशीचे दरपत्रक व अटी स्वतः वाचाव्यात.

कंपनी बदलणे केव्हा योग्य?

तीन कारणे सयुक्तिक वाटतात. पहिले, आपल्या नाण्याच्या प्रकाराला दुसऱ्या कंपनीच्या डबीत सातत्याने जास्त भाव येतो, हे झालेल्या सौद्यांवरून दिसत असेल. मागितलेल्या किमती पाहू नयेत. लिलावात प्रत्यक्ष पडलेले भाव पाहावेत आणि एक नव्हे, निदान आठदहा पाहावेत. दुसरे, गिऱ्हाईक विशिष्ट संच पुरा करीत असेल. पीसीजीएसच्या संच-नोंदवहीत फक्त तिच्याच डबीतील नाणी चालतात, म्हणून असे गिऱ्हाईक त्या डबीसाठी जास्त मोजते. तिसरे, नाणे फारशा नाव नसलेल्या कंपनीच्या डबीत असून आपल्याला ते स्वतः पारखता येत असेल.

मात्र फक्त आकडा वाढावा या आशेने तेच नाणे पुन्हा पुन्हा पाठविणे टाळावे. त्यात आणखी एक उपद्रव आहे. कोणत्या दर्जाची किती नाणी तपासली याची यादी कंपन्या प्रसिद्ध करतात. डबी फोडून तेच नाणे तीनदा पाठविले आणि जुनी लेबले परत केली नाहीत, तर यादीत एकाची तीन नाणी दिसतात. दुर्मिळ नाणे कागदावर विपुल होते आणि भाव सर्वांचाच पडतो. म्हणून डबी फुटली असेल तर जुने लेबल संबंधित कंपनीला जरूर परत करावे.

अमेरिकन नाण्यांसाठी आणखी एक उपाय आहे. सीएसी २००७ पासून पीसीजीएस व एनजीसी यांच्या डबीतील नाणी तपासून, दर्जास पुरेपूर उतरणाऱ्या नाण्याच्या डबीवर हिरवी चिकटपट्टी लावते. नाणे त्या दर्जाहूनही वरचे वाटले तर सोनेरी लावते. डबी न उघडता दुसरे मत मिळते आणि पसंत नसेल तर नाणे जसेच्या तसे परत येते. सर्वच प्रकारची नाणी ती घेत नाही, हे लक्षात ठेवावे.

भारतातील व्यापाऱ्यासाठी कायदा

आतापर्यंतचा हिशेब अमेरिकेतील माणसाचा झाला. नाणे भारतात असेल तर हिशेबाआधी कायदा पाहावा लागतो.

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर किंवा अधिक वर्षांचे नाणे पुरावशेषात मोडते. अशी वस्तू देशाबाहेर पाठविण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. खासगी व्यक्तीने पाठविल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. ‘विकायला नव्हे, नुसते तपासायला पाठविले’ ही सबब निर्यातीला वैध करीत नाही. पुरावशेषांच्या विक्रीचा धंदा करण्यासही याच कायद्याने परवाना लागतो.

म्हणजे मोगल रुपया, व्हिक्टोरिया राणीचा रुपया किंवा पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया परदेशी कंपनीच्या डबीत असला, तरी डबी बदलण्यासाठी तो येथून पार्सलने पाठविता येत नाही. कायद्याच्या व्याख्येत ‘कोणतेही नाणे’ असे शब्द आहेत. देशी व विदेशी असा भेद त्यात नाही. त्यामुळे वर सांगितलेला १८८४ चा डॉलर अमेरिकेतून येथे आणला आणि मग तो दुसऱ्या कंपनीकडे पाठवावासा वाटला, तर तीच अडचण उभी राहते. कंपनी बदलायची असेल तर नाणे भारतात आणण्यापूर्वी, तेथील माणसाकरवीच ते काम उरकून घ्यावे.

शंभर वर्षांच्या आतील नाण्यांचा प्रश्न वेगळा आहे. उदाहरणार्थ, सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया. हा फार दुर्मिळ आहे आणि म्हणूनच त्याच्या नकला व साल बदललेली नाणी बाजारात फिरतात. अशा नाण्याच्या डबीचे मोल दर्जाच्या आकड्यापेक्षा खरेपणाच्या हमीत अधिक असते. आकडा एकाने वाढेल या आशेने ती डबी फोडू नये. पाठवायचेच असेल तर डबीसकट, किमान दर्जा लिहून पाठवावे. वस्तू पुरावशेष आहे की नाही अशी शंका निघाल्यास निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देतो. म्हणून आधीच तेथे विचारणा करावी. नाणे परत येताना कस्टममध्ये ते आपणच पाठविले होते हे दाखवावे लागते. जातानाची कागदपत्रे, छायाचित्रे व अनुक्रमांक जपून ठेवावेत.

पाठविण्यापूर्वी

१) डबीवरील अनुक्रमांक कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहा. बनावट डब्याही बाजारात सापडल्या आहेत.

२) नाणे कधीही चिंच, रांगोळी, रिठा किंवा पॉलिशने उजळू नका. दागिन्याला जी चमक शोभते ती नाण्याची किंमत मारते. घासलेल्या नाण्याला आकडा न देता नुसता शेरा मिळू शकतो.

३) तांब्याच्या नाण्याचा रंग डबीतही पालटतो. अशा बदलाबाबत हमीच्या अटी आधी वाचा.

४) किमान दर्जाची जागा अर्जावर रिकामी ठेवू नका. कमी दर्जा चालेल असे नकळत लिहिले गेले, तर आपली जुनी डबी जाईल आणि नाणे खालच्या आकड्यावर परत येईल.

५) विमा आजच्या डबीतील किमतीचा उतरवा आणि दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे घ्या.

६) गिऱ्हाइकाच्या मालकीचे नाणे असेल तर खर्च, मुदत आणि नकाराची शक्यता यांविषयी त्याची लेखी संमती घ्या. पूर्वी कमी आकडा मिळालेला असल्यास विकताना तेही सांगा. ही गोष्ट नंतर बाहेर फुटली तर एका नाण्याचा नफा जातो आणि गिऱ्हाईक कायमचे जाते.

शेवटी एक साधी कसोटी सांगतो. डबीवरचे लेबल बोटाने झाका आणि नाणे पाहून स्वतः आकडा ठरवा. तो कागदावर लिहा. मग लेबल पाहा. अशी पन्नास नाणी पाहून आपला आकडा बहुतेक वेळा जुळू लागला, तर दुसऱ्या कंपनीकडे नाणे पाठविण्याचा विचार करण्यास हरकत नाही. जुळत नसेल, तर ते ८० डॉलर खिशातच ठेवा आणि आणखी पन्नास नाणी पाहा.